रोम-नेपल्स-अथेन्स अभ्यास दौरा : ११ रात्रींत काय बसवायचं, काय सोडायचं?

गेरू_आणि_काव :
बीएफए (ललितकला पदवी) तिसऱ्या वर्षाची २६ मुलं, ३ शिक्षक, ११ रात्री. विषय ग्रीक-रोमन शिल्प आणि वास्तू. एजंटने पाठवलेला कार्यक्रम असा आहे : रोम २ रात्री, फ्लॉरेन्स २ (वाटेत पिसा), व्हेनिस १, मिलान १, अथेन्स २, सांतोरिनी ३. याला अभ्यास दौरा म्हणायचं की वरात, ते तुम्हीच ठरवा.

माझ्या मते रोम, नेपल्स आणि अथेन्स एवढं पुरे. पण "इटलीला जाऊन व्हेनिस नाही?" हा पालकांचा प्रश्न उभा आहेच. जाणकारांनी तीन गोष्टी सांगाव्यात. काय कापावं? संग्रहालयांत रेखाटन करू देतात का? आणि निघण्यापूर्वी मुलांकडून काय करून घ्यावं?

ओली_भिंत :
व्हेनिस, मिलान, पिसा बिनदिक्कत कापा. तिन्ही उत्तम आहेत, पण तुमच्या विषयाच्या बाहेरची. शिवाय दर शहर बदलताना सामान, स्टेशन, खोल्यांचं वाटप यात अर्धा दिवस जातो. २९ माणसांचा तर पाऊणच धरा. एजंटच्या कार्यक्रमात पाच वेळा मुक्काम हलतोय. म्हणजे अडीच ते पावणेचार दिवस बॅगा ओढण्यात.

चुन्याची_निवळी :
फ्लॉरेन्स कापायला माझा विरोध आहे. अभिजात कलेचं पुढे काय झालं हे दाखवलं नाही तर मुलांना ती मेलेली गोष्ट वाटेल.

ओली_भिंत :
@चुन्याची_निवळी, तो धागा रोममध्येच हाती लागतो. व्हॅटिकनच्या अष्टकोनी अंगणात लाओकोऑन (सापांच्या विळख्यातला पुरोहित आणि त्याची मुलं) हे शिल्प आहे. १५०६ साली जमिनीतून निघालं तेव्हा ते बघायला मायकेलअँजेलो स्वतः हजर होता. थोडं पुढे बेल्व्हेडेरे टॉर्सो (पुरुषाचं तुटलेलं धड), आणि त्याच इमारतीत सिस्टिन चॅपल. टॉर्सोची पिळलेली पाठ आधी काढायची आणि मग छतावरचे नग्न तरुण बघायचे. यापेक्षा सरळ धडा फ्लॉरेन्समध्येही मिळणार नाही.

लाओकोऑनचा उजवा हातही मुलांना दाखवा. मूळ हात नव्हता, म्हणून आधीच्या दुरुस्तीत तो वर ताणलेला बसवला होता. १९०६ साली लुडविग पोलाकला एका शिल्पकाराच्या दुकानात वाकलेला हात मिळाला आणि १९५०च्या दशकात तो जागेवर बसला. एका हाताने सगळ्या रचनेचा कर्ण कसा बदलतो ते दोन झटपट रेखाटनांत कळतं.

टवाळ_तूलिका :
सांतोरिनी म्हणजे आर्किटेक्चर नाही, वॉलपेपर आहे. कापा.

दगड_का_माणूस :
असं सरसकट नको. तिथली कोरीव घरं आणि ज्वालामुखीच्या राखेच्या चुन्यातल्या कमानी हा वेगळा आणि चांगला विषय आहे, फक्त या दौऱ्याचा नाही. अक्रोतिरीची (सांतोरिनीवरचं राखेखाली गाडलेलं प्राचीन गाव) भित्तिचित्रं बघायची असतील तर त्यातली नावाजलेली काही (वसंताचं चित्र, मुष्टियुद्ध खेळणारी मुलं, हरणं) अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातच आहेत. बोटीचा आणि तीन रात्रींचा खर्च वाचला.

टवाळ_तूलिका :
म्हणजे वॉलपेपरही अथेन्समध्येच. झकास.

शिक्का_आणि_सही :
आधी व्हिसा, कारण तिथे चुकलं तर पुढची चर्चा फुकट.

१) अर्ज त्या देशाकडे जिथे जास्त रात्री. इटलीत ८ आणि ग्रीसमध्ये ३ असतील तर इटलीकडे. रात्री समसमान असतील तर जिथून शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर चालणारा युरोपीय देशांचा गट) शिरणार तिथे. "जिकडची अपॉइंटमेंट लवकर मिळेल तिकडे अर्ज" हा शॉर्टकट गटाला महागात पडतो.

२) प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात आणि किमान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. २९ अर्जांसाठी तीन महिने हाताशी ठेवा.

३) हे एजंट सांगत नाहीत : अभ्यास किंवा शैक्षणिक प्रशिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबरचे शिक्षक यांना शेंगेनच्या व्हिसा नियमांत ९० युरोची फी माफ आहे. व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क मात्र भरावं लागतं. त्यासाठी कॉलेजच्या पत्रात "सहल" हा शब्द नको. विषय, अभ्यासक्रमातला पेपर, रोज कुठलं संग्रहालय, सोबतचे शिक्षक कोण, हे सगळं यावं. यादीतली नावं पासपोर्टवर जशी आहेत तशीच लिहा.

४) विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि पोचण्यापासून निघण्यापर्यंतचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध, दोन कोरी पानं आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला.

५) पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आणि सगळं नाव एकाच रकान्यात, असे दोन-तीन जण प्रत्येक वर्गात निघतात. अर्ज, विमान, कोलोसियम, सगळीकडे एकच पद्धत ठेवा. कोलोसियमची तिकिटं ऑक्टोबर २०२३पासून नावानिशी आहेत आणि दारात पासपोर्टशी ताडून बघतात.

गेरू_आणि_काव :
फी माफीचं खरंच माहीत नव्हतं. पत्र नव्याने लिहून घेते.

सातबारा :
सीमेवरचीही तयारी ठेवा. १२ ऑक्टोबर २०२५पासून शेंगेनमध्ये शिरताना बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी नोंदणी सुरू झाली आहे. पहिल्यांदा जाणाऱ्या २९ जणांची रांग लांबणार. पोचायच्या दिवशी दुपारची कुठलीही वेळ आगाऊ बुक करू नका.

आणि पैशाचं. परदेशी पॅकेजवरचा टीसीएस (एजंट आगाऊ वसूल करतो तो प्राप्तिकर) ज्याच्या पॅनवर कापला जातो त्यालाच तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. कॉलेजच्या खात्यातून एकरकमी भरलंत तर पालकांच्या हाती काही लागत नाही. पावत्या आधीच वेगवेगळ्या करा.

ओली_भिंत :
आता वारांचं गणित. दौरे पैशामुळे जेवढे फसत नाहीत तेवढे वारांमुळे फसतात.

सोमवारी बंद : पलाझ्झो मास्सिमो (रोमन राष्ट्रीय संग्रहालय), चेंत्राले मोन्तेमार्तिनी.
मंगळवारी बंद : नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय.
रविवारी बंद : व्हॅटिकन. अपवाद महिन्याच्या शेवटच्या रविवारचा. त्या दिवशी सकाळी फुकट असतं आणि म्हणूनच जाऊ नये.
महिन्याच्या पहिल्या रविवारी इटलीतली सरकारी संग्रहालयं फुकट. रेखाटनाच्या दृष्टीने तो दिवस वाया. खांद्याला खांदा लागतो.

बुधवारी सकाळी पोपची सार्वजनिक भेट असते, तेव्हा सेंट पीटरच्या चौकाकडे गर्दी जास्त. व्हॅटिकनला गुरुवार-शुक्रवार बरा. आत शिरल्यावर लोंढा थेट सिस्टिनकडे ओढतो आणि तिथून उलट येणं जवळजवळ अशक्य. म्हणून पहिल्या वेळेत शिरून आधी पिओ-क्लेमेंतिनोची (लाओकोऑन आणि टॉर्सो असलेला विभाग) शिल्पं, मग बाकीचं. सिस्टिनमध्ये फोटो आणि मोठ्याने बोलणं बंद, म्हणून समजावायचं ते अंगणातच. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

कोरा_कागद :
विद्यार्थी म्हणून तिकिटात सवलत?

ओली_भिंत :
१८ वर्षांखालच्यांना इटलीच्या सरकारी संग्रहालयांत प्रवेश फुकट, देश कुठलाही असो. १८ ते २५ची सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे. तिसऱ्या वर्षाची मुलं म्हणजे पूर्ण तिकीट धरूनच अंदाजपत्रक करा. ऐनवेळी सवलत मिळाली तर जेलातो खा.

दगड_का_माणूस :
गर्दी टाळायची असेल तर वर उल्लेख झालेलं चेंत्राले मोन्तेमार्तिनी चुकवू नका. बंद पडलेल्या वीजकेंद्रात, काळ्या डिझेल इंजिनांसमोर पांढरे संगमरवरी देव उभे आहेत. गर्दी नसते, उजेड भरपूर. रोममध्ये निवांत दोन तास रेखाटन करायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

पलाझ्झो मास्सिमोत दोन गोष्टींवर वेळ घालवा. एक, बसलेला मुष्टियोद्धा. हे मूळ कांस्य आहे, ओठ आणि जखमा तांब्याच्या जडावाने लाल केलेल्या. दुसरी, लिव्हियाच्या व्हिलातली रंगवलेली बाग. बाकी संग्रहालय धावत बघितलं तरी चालेल.

कॅपिटोलाइन संग्रहालयापाशी मार्कस ऑरेलियस या रोमन सम्राटाचा घोडेस्वार पुतळा. चौकात आहे ती प्रत, मूळ आत. मुलं बाहेरच्याचे फोटो काढून मोकळी होतात.

छिन्नीचा_घाव :
प्रतीवरून आठवलं. मुलांना आधी एक गोष्ट पक्की समजावून द्या : रोममधली बहुतेक प्रसिद्ध "ग्रीक" शिल्पं ही ग्रीक कांस्यांच्या रोमन संगमरवरी प्रती आहेत. ओळखायची कशी? पायाशी झाडाचा बुंधा बघा. मनगट आणि मांडीच्या मध्ये दगडी दांडी बघा. कांस्य पोकळ आणि ताणाला चिवट, घोट्यावर उभं राहतं. संगमरवराला ताण सोसत नाही, टेकू लागतो. नेपल्सचा दोरिफोरोस (भालाधारी तरुण) याचा नमुना. तो काढताना मुलं बुंधा गाळतात, "सुंदर दिसत नाही" म्हणून. गाळू देऊ नका. त्या बुंध्यातच माध्यम बदलल्याची सगळी गोष्ट आहे.

मग अथेन्सला आर्तेमिसिओनचा कांस्य देव बघायचा. २.०९ मीटर उंच, दोन्ही हात पसरलेले, एक टाच उचललेली, कुठेही टेकू नाही. समुद्रातून निघाला म्हणून उरला. जमिनीवरची बहुतेक कांस्यं वितळवून लोकांनी कधीच वापरून टाकली.

टवाळ_तूलिका :
तो झ्यूस की पोसायडन हे ठरलं का? हातातलं शस्त्र हरवलंय म्हणे.

छिन्नीचा_घाव :
वज्र असेल तर झ्यूस, त्रिशूळ असेल तर पोसायडन. त्रिशूळ धरला तर चेहऱ्यासमोर आडवा येतो, म्हणून बरेच जण झ्यूस म्हणतात. मुलांना दोन्ही शस्त्रं काढून बघायला सांगा, वाद आपोआप रंगतो.

पंचगंगा :
पोसायडन बघायला अथेन्स कशाला, कोल्हापूर गाठा! ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली त्याची कांस्यमूर्ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. वीतभरही नाही, पण रोमन व्यापाराबरोबर आलेली. विनोद बाजूला, निघण्यापूर्वीचा पहिला पाठ हाच ठेवा. एका पायावरचा भार आणि कमरेचा कल या एवढ्याशा मूर्तीतही दिसतो.

छिन्नीचा_घाव :
@पंचगंगा +१. आणि मुंबईत जे.जे.त ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टर प्रतींवरून रेखाटन शिकवलं जायचं. गणपतराव म्हात्र्यांची १८९०च्या दशकातली "मंदिरपथगामिनी" त्याच तालमीतली. तिच्या नऊवारीच्या चुण्या आधी अभ्यासल्या की अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालयातल्या वस्त्रांच्या घड्या वाचता येतात.

ओली_भिंत :
नेपल्स-पॉम्पेई चित्रकलेच्या मुलांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा सविस्तर.

गाडी : नेपल्सहून चिर्कुमव्हेसुव्हियाना, सोरेंतोची गाडी. उतरायचं स्टेशन "पॉम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी". पॉम्पेई नावाची आणखी स्टेशनं आहेत, ती आजच्या गावातली. चुकलात तर उलटी पायपीट. गाडीत पाकीटमार असतात, सॅक पुढे अडकवा.

तिकीट : नोव्हेंबर २०२४पासून दिवसाला २०,००० लोकांची मर्यादा आणि तिकीट नावानिशी. साधं तिकीट फक्त शहराचं. मिस्तेरी व्हिला (लाल भित्तिचित्रांची खोली तिथेच) बघायचा तर "प्लस" तिकीट लागतं. हे दारात कळलं तर लाल खोलीवाचून परत यावं लागेल. लाल खोली नसेल तर चित्रकलेच्या मुलांना नेलंच कशाला?

काय बघायचं : आउगुस्त माउने १८८२मध्ये मांडलेल्या चार शैली. पहिली गिलाव्यात संगमरवरी फळ्यांचा आभास करणारी, दुसरी भिंत फोडून खोली दाखवणारी, तिसरी सपाट रंगावर नाजूक नक्षीची, चौथी या सगळ्यांची खिचडी. चौथीसाठी वेत्तींचं घर, जानेवारी २०२३ला पुन्हा उघडलं.

कसं बघायचं : भिंतीला जवळजवळ गाल लावून, तिरप्या उजेडात. रोमन गिलावा वरून खाली, परांचीच्या उंचीप्रमाणे आडव्या पट्ट्यांत चढवायचे. दोन पट्ट्यांमधला सांधा तिरप्या उजेडात दिसतो. हात लावायचा नाही, आणि मोबाइलचा टॉर्चही मारू नये. पहारेकरी लगेच येतात.

चुन्याची_निवळी :
याला अजिंठ्याची जोड द्या. आपल्याकडे मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर सुक्यात, डिंक-सरसासारख्या बंधकातले रंग. पॉम्पेईत ओल्या चुन्यात रंग मुरून त्याच्याशी एकजीव. म्हणून अजिंठ्यात रंग पोपडे धरून सुटतो आणि पॉम्पेईत बहुधा गिलाव्यासकट ढलपा पडतो. अजिंठा आधी पाहिलेला असेल तर हा फरक मुलं स्वतः ओळखतात.

कोरा_कागद :
बजेट आटलं तर अथेन्स सोडून पेस्टम चालेल का? नेपल्सहून रेल्वेने सव्वा तास, तीन ग्रीक मंदिरं.

दगड_का_माणूस :
चालेल काय, वास्तूच्या दृष्टीने धावेल. इ.स.पू. ५५०च्या सुमाराचं पहिलं हेरा मंदिर, त्याच्या दर्शनी बाजूला चक्क ९ खांब. म्हणजे मधोमध खांब येतो आणि देवाच्या मूर्तीला मध्यावर जागाच उरत नाही. तेच शंभर वर्षांनंतरच्या मंदिरात ६. खांबांचं पोट आणि वरच्या चकतीचा पसरटपणा यांची मापं घेतली तर शंभर वर्षांत डोरिक (साध्या माथ्याचा ग्रीक खांब) कसा सडसडीत झाला ते कागदावर येतं. जवळच्या संग्रहालयात सूर मारणाऱ्याचं थडगंही आहे.

ओली_भिंत :
पण शिल्पाचं काय? पेस्टमला फिडियस (पार्थेनॉनच्या शिल्पांचा सूत्रधार) नाही.

दगड_का_माणूस :
मान्य. म्हणून "बजेट आटलं तर" एवढंच.

पार्थेनॉनबद्दल (अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवरचं मंदिर). इ.स.पू. ४४७ ते ४३८ बांधकाम, शिल्पं ४३२पर्यंत. दर्शनी ८ खांब, बाजूला १७. एकही लांब रेष सरळ नाही. खालची पायरी मध्ये फुगलेली आहे, आखूड बाजूला सुमारे ६ सेंटिमीटर, लांब बाजूला सुमारे ११. उभं राहून दिसत नाही. टोकाशी उकिडवं बसून डोळा पायरीच्या पातळीला आणा आणि कडेने बघा, पलीकडच्या टोकाला उभ्या माणसाचे बूट गायब होतात. कोपऱ्यातले खांब किंचित जाड आणि शेजाऱ्याच्या जवळ सरकलेले. पट्टी धरून काढलेलं पार्थेनॉन बँकेच्या इमारतीसारखं दिसतं ते याचमुळे.

अ‍ॅक्रोपोलिसला तासवार वेळ ठरवून तिकीट मिळतं, दिवसाला २०,००० माणसं. सकाळी पहिली वेळ घ्या. पश्चिमेचं मुख्य दार सोडून दिओनिससच्या रंगमंचाजवळच्या आग्नेय दाराने शिरलात तर रांग कमी. फरशी लाखो बुटांनी घासून काचेसारखी झाली आहे, गुळगुळीत तळाचे बूट नकोत. जुलै-ऑगस्टमध्ये उष्णतेची लाट आली की दुपारी काही तास बंद करतात. दौरा ऑक्टोबरनंतर ठेवा.

एरेक्थिऑनवरच्या (पार्थेनॉनशेजारचं मंदिर) खांबांच्या जागी उभ्या सहाही स्त्रिया प्रती आहेत. मूळ पाच खाली संग्रहालयात, सहावी लंडनला. संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर पट्टशिल्प पार्थेनॉनच्याच दिशेने मांडलं आहे. मधासारखा रंग म्हणजे मूळ, पांढरंफटक म्हणजे लंडनला गेलेल्या तुकड्यांचं प्लास्टर.

टवाळ_तूलिका :
म्हणजे आपल्या जे.जे.सारखंच, प्लास्टरवरून अभ्यास.

काळी_पेन्सिल :
रेखाटनाच्या प्रश्नाला कुणीच हात घातला नाही, म्हणून :

हातात मावेल एवढी वही (ए५, फार तर ए४), पेन्सिल, उभ्याने किंवा बाकावर बसून. याला सहसा कुणी अडवत नाही. कोळसा नको, भुकटी उडते. जलरंग, शाई, घडीचं स्टूल, ईझल यांना बहुतेक ठिकाणी आधी लेखी परवानगी लागते, ती कॉलेजच्या पत्रावर दोन महिने आधी मागा. २६ जणांनी एका मूर्तीभोवती कोंडाळं केलं तर पेन्सिलवाल्यांनाही हटवतात. आठ-नऊच्या तीन तुकड्या, एक शिक्षक एका तुकडीला, दर ४० मिनिटांनी दालन बदला. ग्रीसमध्ये पुतळ्याशेजारी त्याच्यासारखी पोझ देऊन फोटो काढायला जाल तर ओरडा खाल.

तपासणीत जप्त होणारं : कटर, टोक करायचं ब्लेड, लोखंडी पट्टी. खोलीवर ठेवा. विमानात फिक्सेटिव्हचा स्प्रे आणि टर्पेंटाइन नेऊच नका, चेक-इनमध्येही नाही. क्लच पेन्सिल न्या, टोक करायची कटकट नाही.

तीन-चार मुलांत एक ८ पटीची दुर्बीण हवीच. रोममधल्या ट्राजन सम्राटाच्या स्तंभावर १५५ प्रसंग आणि सुमारे २०० मीटरची पट्टी गुंडाळली आहे. खालच्या वेढ्यांच्या वरचं नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

रोमच्या पँथिऑन मंदिरात एक सापळा. घुमटात चौकटींच्या ५ रांगा, प्रत्येकीत २८. खाली दार धरून ८ मोठे कोनाडे. २८ला ८ने भाग जात नाही, म्हणून वरच्या चौकटी खालच्या कोनाड्यांवर सगळीकडे जुळत नाहीत. मुलं नकळत जुळवून टाकतात. मोजायला लावा.

आळूवडी :
जेवणाचं बोला की कुणीतरी. २६ मुलांत पाच-सहा शाकाहारी आणि एखादं जैन असणारच.

चुन्याची_निवळी :
युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, पनीर, तूप घरीच ठेवा. भडंग, चिवडा, सुक्या चटण्या, मेतकूट चालतात. इटलीत "मारिनारा" पिझ्झा चीजविना असतो, पण लसूण असतो. काचो ए पेपे पास्त्यात कांदा-लसूण नाही, पण पेकोरिनो चीज कोकराच्या रेनेटचं (दूध विरजायला वापरतात तो पोटातला रस). जैनांसाठी दोन्ही बाद, म्हणून स्वयंपाकघर असलेली हॉस्टेलं बघा. पाणी विकत घेऊ नका, रोममध्ये रस्तोरस्ती नळ आहेत आणि पाणी पिण्याचंच असतं.

आळूवडी :
तुपातले बेसन लाडू?

शिक्का_आणि_सही :
डब्यावर "पिवळे गोळे" लिहून बघा, मग सीमेवरच अभ्यास दौरा.

गेरू_आणि_काव :
सगळ्यांचे आभार. एजंटला नवा कार्यक्रम पाठवतेय, एकदा नजर टाका. मुंबई ते रोम जायचं, अथेन्सहून परत, म्हणजे उलटा प्रवास नाही.

बुध : रोम, संध्याकाळी पँथिऑन बाहेरून. गुरु : व्हॅटिकन. शुक्र : फोरम, पॅलाटाइन, कोलोसियम. शनि : पँथिऑन आतून, कॅपिटोलाइन, दुपारी मोन्तेमार्तिनी. रवि (पहिला रविवार नाही, बघितलं) : पलाझ्झो मास्सिमो, ट्राजन स्तंभ. सोम : नेपल्स. मंगळ : नेपल्सचं संग्रहालय. बुध : पॉम्पेई. गुरु : अथेन्स. शुक्र : अ‍ॅक्रोपोलिस आणि त्याचं संग्रहालय. शनि : राष्ट्रीय संग्रहालय, अगोरा. रवि : परत.

काळी_पेन्सिल :
मंगळवारी नेपल्सचं संग्रहालय बंद! वर लिहिलंय. मंगळ-बुध अदलाबदल करा. पॉम्पेईची चित्रं आणि मोझेक कापून याच संग्रहालयात आणलेली आहेत. आधी रिकाम्या भिंती आणि दुसऱ्या दिवशी त्यांतून काढलेले तुकडे, हा क्रम तसाही बरा.

दगड_का_माणूस :
शुक्रवारी एकाच दिवसात अ‍ॅक्रोपोलिस आणि संग्रहालय होईल, पण दोन्हीच्या मध्ये तीन तासांची जेवणाची सुट्टी ठेवा. परतताना प्लाका या जुन्या वस्तीत लिसिक्रातेसचं स्मारक रस्त्यावरूनच दिसतं. इ.स.पू. ३३४च्या सुमाराचं, बाहेरच्या बाजूला कोरिंथियन (पानांच्या माथ्याचे) खांब वापरल्याचं सगळ्यात जुनं टिकलेलं उदाहरण. तिकीट नाही, रांग नाही.

गेरू_आणि_काव :
मंगळ-बुध बदलले. लिसिक्रातेस घेतला. व्हेनिसबद्दल पालकांना काय सांगू?

टवाळ_तूलिका :
सांगा, हनिमूनसाठी राखून ठेवलंय.